अंगणातली कुसळी

आबा लढाईवरून परत आले ते डाव्या कानानं बहिरे होऊन आणि खांद्यावर एक हिरवी लोखंडी ट्रंक घेऊन. ट्रंक ओसरीवर ठेवल्याबरोबर आई, मी आणि आमचे थोरले चुलते नाना तिच्याभोवती बसलो. मिसर देशातून माणूस आलाय म्हटल्यावर निदान एखादं रेशमी कापड, एखादी अत्तराची कुपी निघेल, असं आईला वाटत होतं. निघाली ती खाकी अर्ध्या चड्ड्यांची चवड, एक जाड ब्लँकेट, दाढीचा ब्रश आणि बिस्किटांचा एक रिकामा डबा. रिकामा डबा कशाला आणला, असं नानांनी विचारलं. "भरल्याला हुता. वाटंत खाल्ला," आबा म्हणाले. ट्रंकेचा विषय तिथंच संपला. पुढं कितीतरी दिवस गावातली माणसं लढाईच्या गोष्टी ऐकायला येऊन बसत. तिकडं काय काय होतं, म्हणून विचारत. आबा चांगला विचार करून सांगत, "वाळू हुती." माणसं सरसावून बसत. "आनि?" आबा पुन्हा विचार करत. "आनि म्हंजे... वाळूच हुती." शेवटी लोक चहा पिऊन उठून जात.

आमचं गाव कृष्णेच्या काठाला, कऱ्हाडाच्या खाली आणि सांगलीच्या वर. पुढं ऊस, मागं डोंगर. पहाटे मोटेचं चाक कुरकुरायला लागलं की मला जाग यायची. थंडीत गुऱ्हाळ सुरू झालं की घरातल्या सगळ्या वस्तूंना, अगदी माझ्या पाटी-पेन्सिलीलासुद्धा, गुळाचा वास यायचा. घराचा कारभार नानांकडं. काकी मी लहान असतानाच गेल्या होत्या, त्यांना मूलबाळ नव्हतं, तेव्हा घरात पोर म्हणून मी एकटीच. मी शेजारच्या गावच्या शाळेत सहावीला होते. मास्तर म्हणायचे, ही पोरगी सातवीच्या फायनलला बसली तर नक्की पास होईल, मास्तरीण होईल. आईला ते ऐकून अभिमानही वाटायचा आणि धडकीही भरायची. आबांना काय वाटायचं ते कळायला मार्ग नव्हता. पण रोज संध्याकाळी ते उजवा कान माझ्याकडं करून बसत आणि मी त्यात इतिहास-भूगोल ओरडून वाचत असे. त्यापायी आमच्या शेजारणींनाही सगळ्या नद्यांची नावं पाठ झाली होती.

तर एके सकाळी आबा नानांना म्हणाले, "दादा, मला म्होरलं आंगण पायजे." म्होरलं अंगण म्हणजे ओसरी आणि रस्ता यांच्यामधला मोकळा तुकडा. तिथं वासरू बांधत, शेंगा वाळत घालत. नानांना वाटलं, भाऊ दुकान टाकणार. ते आनंदानं हो म्हणाले. आबांनी कुदळ आणि पोतं घेतलं आणि डोंगराची वाट धरली. दुपारी परत आले तेव्हा पोत्यात गवत होतं. कापलेलं नव्हे, मुळासकट उपटून आणलेले गड्डे, मातीसह, ओल्या फडक्यात बांधलेले. नानांनी विचारलं, हे काय? आबा म्हणाले, "गवत." ते दिसतंय, पण कशाला? "लावाया."

त्या पावसाळ्यात आबांनी अंगणभर गवत लावलं. डोंगराच्या उतारावरचा पवना आणला, मारवेल आणला, नदीकाठचा पांढऱ्या तुऱ्यांचा कास आणला, कुठल्याशा कड्याखालून रोशा आणला. रोशाचं पान चुरगाळलं की लिंबू आणि आलं यांच्या अधलामधला वास यायचा. आणि सगळ्यांत जास्त आणली ती कुसळी. उंच गवतं मागं, बुटकी पुढं, दोन गड्ड्यांत वीतभर अंतर, मधून वाकडी पायवाट. रोज सकाळी चूळ भरून झाली की आबा ओसरीच्या कडेला उभे राहून पलटणीची पाहणी करावी तसे त्या गवताकडं बघत. उन्हाळ्यात न्हाणीचं पाणी घागरीनं नेऊन घालत. गवताला पाणी घालणारा माणूस बघायला वरच्या आळीची माणसं खालच्या आळीत येऊ लागली. त्यांचं काय चुकलं? आमच्याकडं बायकांची आयुष्यं खुरपणीत जायची. गवत म्हणजे उपटून बांधावर फेकायची चीज. शेतावरून परतणाऱ्या बायका गमतीनं हराळीचे वेल आणून आमच्या दारात टाकायच्या. "आबा, ह्येबी लावा." आबा ते हातात घेऊन नीट बघायचे आणि गंभीरपणे परत द्यायचे. "हराळी नगं. ती कुटंबी जगती. तिला माजी गरज न्हाई."

आमच्या शेजारी सखूआत्या राहायच्या. मन मोठं, हात चलाख. एकदा आबा पेन्शनीच्या कामाला कऱ्हाडला गेले होते. सखूआत्यांना आमची दया आली. अंगणात एवढं तण माजलंय, बिचारीला खुरपायला सवड होत नसेल, असं म्हणून आई नदीवर गेलेली असताना त्यांनी खुरपं घेतलं आणि एका बैठकीत अर्धं अंगण निर्मळ करून टाकलं. आबा आले तेव्हा त्या कमरेवर हात ठेवून कौतुकाची वाट बघत उभ्या होत्या. आबांनी उकिरड्यावरून एकेक गड्डा वेचून आणला आणि दिवेलागणीपर्यंत पुन्हा लावला. सखूआत्या बघत राहिल्या. मग आईजवळ येऊन हळूच म्हणाल्या, "वहिनी, तुमी कुनाला तरी दाखवा त्यास्नी."

त्याहून वाईट झालं ते पुढच्या साली. वाळत घातलेल्या जोंधळ्याचे दाणे सांडले असतील, ते गवतात उगवले. चांगले हातभर उंच, हिरवेगार झाले. आबांनी ते तण म्हणून उपटले. गवतातून जोंधळा उपटून बांधावर फेकला! आईनं ते पाहिलं आणि ती चुलीपुढं बसून रडली. अन्नाचा अपमान झाला म्हणून रडली, असं मला तेव्हा वाटलं. आता वाटतं, ती माझ्यासाठी रडत होती. कारण त्याच दिवशी बातमी गावाबाहेर गेली. आबाच्या डोक्यात वाळू शिरलीय, असं लोक म्हणू लागले. घरात वेड आहे म्हटल्यावर त्या घरातली मुलगी कोण करणार? माझी दोन स्थळं चहापाण्यापर्यंतसुद्धा न येता वाटेतूनच परत गेली.

परवाचीच गोष्ट. माझ्या नातसुनेनं सांगलीच्या रोपवाटिकेतून एक झोकदार कुंडी आणली आणि मला गच्चीवर नेऊन दाखवली. "आजी, बघा किती एलिगंट दिसतंय." कुंडीला चिठ्ठी होती, चिठ्ठीवर लांबलचक परदेशी नाव होतं आणि कुंडीत मारवेल होता. मी चष्मा पुसून दोनदा बघितलं. मारवेलच. मी तिला म्हटलं, याला न्हाणीचं पाणी घाल, चांगला येतो. तिला वाटलं, माझ्याही डोक्यात काहीतरी शिरलंय.

तर तिसरं स्थळ आलं ते सांगलीजवळच्या एका गावातून. हळदीचं शेत, दावणीला चार जनावरं, मुलगा सरळ. आईचे मावसभाऊ दगडूमामा मध्यस्थ होते. मुलाच्या वडिलांना सगळे बापू म्हणत. दगडूमामांनी आईला आधीच सांगून ठेवलं, "पोरगी त्यास्नी पसंत पडंल, त्येची काळजी न्हाई. बापू येत्यात ते पोरीला बघाया न्हाई. त्येंच्या कानावर समदं गेलंय. ते आबाला बघाया येनार हायत."

मग काय विचारता! पुढचे आठ दिवस घरात आबांना शहाणं करण्याचं काम चाललं. आईनं गवत काढून टाका म्हणून विनवलं. आबा म्हणाले, "आत्ता न्हाई. आत्ता कुसळी पिकलीया." मार्गशीर्षाचा महिना होता, सगळं अंगण तांब्यासारखं झालं होतं. मग नानांनी तोड काढली. आबांना ते शिरपा म्हणत. "शिरपा, पाव्हन्यांनी इचारलं तर चारा म्हनायचं. म्हशीसाटी चारा लावलाय. दुसरं कायबी बोलायचं न्हाई." आबांनी मान डोलावली. "चारा," ते म्हणाले. आई दिवसातून चारदा त्यांच्या उजव्या कानाशी जाऊन विचारायची, "आवं, अंगनात काय लावलंय?" आबा म्हणायचे, "चारा." शिवाय वाळवंटाचा विषय काढायचा नाही, फेटा नीट बांधायचा आणि हातात वर्तमानपत्र धरायचं, असंही ठरलं. वर्तमानपत्र वाचणारा माणूस वेडा नसतो, अशी नानांची समजूत होती. गुळाच्या व्यापाऱ्याकडून त्यांनी एक शिळं वर्तमानपत्र मिळवलं. त्याला गुळाचे डाग होते.

पाहुणे आले त्या दिवशी सकाळपासून वारा सुटला होता. दगडूमामांनी गाडी मागच्या बोळातून आणायची, असं ठरलं होतं. पण बोळात कुणाची तरी उसाची गाडी अडकली होती, म्हणून ते रस्त्यावरच उतरले आणि बापू, बापूंचे मेहुणे दाजी आणि दगडूमामा अशी तिघं त्या वाकड्या पायवाटेनं, कुसळीतून, पांढरीशुभ्र धोतरं सावरत ओसरीवर आली. ज्यांनी पिकलेली कुसळी पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. तिच्या दाण्याला एका बाजूला सुईसारखं टोक असतं आणि दुसऱ्या बाजूला लांब काळं शेपूट. ते शेपूट ऊब आणि ओल लागेल तसं आपोआप पिळत जातं आणि सुई आत आत शिरते. माणूस स्वस्थ बसला तरी ती आपलं काम करत राहते.

मी पोह्यांच्या बशा घेऊन बाहेर आले तेव्हा घोंगडीवर विचित्र दृश्य होतं. आबा पुतळ्यासारखे ताठ, समोर वर्तमानपत्र. नाना घाम पुसत होते. आणि पाहुणे? बापू एका बुडावरून दुसऱ्या बुडावर होत होते. दाजींनी एक मांडी उचलून धरली होती. दगडूमामांचे डोळे मिटलेले होते आणि ओठ हलत होते. पहिल्या भेटीत धोतरात हात घालून काही काढणं शोभत नाही, म्हणून कुणी काही बोलत नव्हतं. ते कुसळीतून आलेत हे मला ठाऊक नव्हतं. मी मनात म्हटलं, अगं बाई, वेड त्यांच्याकडंच आहे आणि ही माणसं आम्हाला बघायला आलीत.

"नाव काय... ग?" बापूंनी विचारलं. मधल्या जागी त्यांनी दात आवळले.

"हौसा."

"कितवी... आयाया... कितवी शिकलीस?"

"सातवीला आहे. फायनलला बसणार."

तेवढ्यात नानांना राहवलं नाही. कुणी न विचारताच ते म्हणाले, "आमच्यात समदी शानी हायत बरं का, बापू. आजापासनं. येक बी म्हनून..." दाराआडून आईनं बांगड्या वाजवल्या तेव्हा ते गप्प झाले. पण बापूंना सूत सापडलं. त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली आणि आबांकडं वळून मोठ्यानं विचारलं, "पाव्हणं, हे अंगनात काय लावलंय म्हनायचं?"

"चारा," आबा म्हणाले. एकदम स्पष्ट. दाराआड आईनं सुस्कारा सोडला.

बापू गवताकडं बघत राहिले. "कुसळीचा चारा?"

"चारा," आबा म्हणाले.

"पिकल्याली कुसळी कुटलं जनावर खातंय वो? त्वांड फाटतंय की."

आबांना याचं उत्तर शिकवलेलं नव्हतं. त्यांनी नानांकडं पाहिलं. नाना म्हणाले, "आमची म्हस खाती." बापू म्हणाले, "आसं?" नाना म्हणाले, "लय आवडीनं खाती." बापू म्हणाले, "मग बघू की, आना." आता माघार घेता येईना. गडी म्हशीला घेऊन आला. नानांनी स्वतः मूठभर कुसळी उपटून तिच्या तोंडापुढं धरली. माझ्या आयुष्याचं पुढं काय व्हायचं ते त्या म्हशीच्या जिभेवर ठरणार होतं. तिनं नाक पुढं केलं. हुंगलं. मग मान फिरवली आणि ओसरीच्या कडेला ठेवलेल्या दाजींच्या बशीतले पोहे एका फटक्यात चाटून टाकले.

कुणी हसलं नाही. दाजी रिकाम्या बशीकडं बघत राहिले. आबांचा चेहरा मला दिसत होता. लढाईवर गेलेला माणूस, पण खोटं पकडलं गेल्यावर शाळेतल्या पोरासारखा झाला होता. आपल्या बापाला असं बसलेलं बघणं मला सहन होईना. मी बोलायला नको होतं. दाखवायच्या पोरीनं विचारलं तेवढंच सांगायचं असतं. पण मी त्यांच्या उजव्या कानाशी गेले आणि म्हणाले, "आबा, खरं काय ते सांगा की. जाऊ दे."

उजव्या कानात मला नेहमी ओरडायची सवय. ते सगळ्या आळीला ऐकू गेलं.

आबांनी वर्तमानपत्राची नीट घडी घातली. "बघाया लावलंय," ते म्हणाले.

"काय बघाया?" बापू.

"तिकडं वाळूत आमी लय दीस हुतो. माज्यासंगं दहिवडीकडचा एक धनगर हुता, बिरू. येक दिशी आमचं भांडान झालं. तो म्हनला, डोंगरावर पयला लाल हुतो पवना. मी म्हनलो, पयली कुसळी. तो म्हनला, जनम गेला माजा मेंढरामागं, मला शिकिवतू काय? आनि मी म्हनलो खरं, पन मला सांगता ईना. मानसांची तोंडं आठवत हुती, ही आठवत हुती," आबांनी दाराकडं हात केला, "हौसी आठवत हुती. पन वारं सुटल्यावर आमच्या डोंगराचं गवत कसं दिसतंय, त्येच आठवंना. त्या वक्ताला मला जे वाटलं, ते गोळा येऊन फुटल्यावरबी न्हाई वाटलं. आमी दोगंबी रडाया लागलो. सुभेदारसाब आलं, म्हनलं, क्या हुआ, कौन मरा? आमी काय सांगनार?"

नानांनी डोकं धरलं होतं. संपलं सगळं, असं त्यांच्या तोंडावर लिहिलेलं होतं. पण बापू पुढं सरकले आणि त्यांनी विचारलं, "मग? पयलं काय लाल हुतंय?"

"गेल्या साली कुसळी झाली," आबा म्हणाले. "औंदा पवना. अजून नक्की सांगता येत न्हाई. आनि चार-दोन वर्सं बघाया पायजे."

बापूंनी यावर काहीतरी बोलायला म्हणून अंग हलवलं आणि एखाद्या सुईनं शेवटी मुक्काम गाठला असावा. ते "आई आई गं" करून उभेच राहिले. आबा क्षणभर त्यांच्या धोतराकडं बघत राहिले. मग ताडकन उठले आणि बहिऱ्या माणसाच्या, त्यातून पलटणीतल्या माणसाच्या आवाजात ओरडले, "धोतरं सोडा!"

दाजी भिंतीला टेकले. दगडूमामा म्हणाले, "बोंबला, उठला झटका." आई पदर सावरून बाहेर धावली. पण आबा आत गेले होते. ते परत आले खाकी चड्ड्यांची चवड घेऊन.

त्या दुपारी आमच्या घरात जे चाललं होतं ते मी आजही कुणाला सांगितलं तर खरं वाटत नाही. परसात आई, मी आणि सखूआत्या तीन धोतरं मांडीवर पसरून कुसळं काढत होतो. कुसळ आलं त्या वाटेनं मागं येत नाही. कापडातून आरपार पुढं ओढून काढावं लागतं, एकेक करून, नाहीतर टोक आतच तुटतं. हे घाईनं होणारं काम नव्हतं. त्यामुळं पाहुण्यांना जेवायला ठेवणं आलं. मधेच उठून आईनं भाकरी थापल्या, वांगी भाजली, ठेचा कुटला, गुऱ्हाळातून ताजी काकवी मागवली. आणि ओसरीवर माझे होणारे, किंवा न होणारे, सासरे डोक्याला गुलाबी फेटा, अंगात बाराबंदी आणि खाली पलटणीची खाकी चड्डी अशा अवतारात मांडी घालून जेवत होते. आबांची कंबर बारीक, बापूंची रुंद, तेव्हा चड्डीची गुंडी लागत नव्हती. तिथं त्यांनी उपरणं गुंडाळलं होतं. जेवताना ते एकदाही वर बघत नव्हते. पण दुसऱ्यांदा काकवी मागून घेतली.

जेवण झाल्यावर एक गोष्ट घडली ती मी परसातून पाहिली. बापू शतपावलीला उठले आणि अंगणाच्या कडेला थांबले. त्यांनी इकडं तिकडं पाहिलं, एक उघडा पाय कुसळीत घातला आणि काढून बघितला. पायाला काही चिकटलं नव्हतं. मग दुसरा घातला. मग ते सरळ आत शिरले. आबा मागोमाग गेले. ते दोघं बराच वेळ त्या गवतात हिंडत होते. आबा वाकून काहीतरी दाखवत, बापू वाकून बघत. एकदा बापूंनी रोशाचं पान चुरगाळून नाकाला लावलेलं मला दिसलं. सखूआत्या म्हणाल्या, "वहिनी, साथीचं दिसतंय ह्ये."

धोतरं तयार झाली, पाहुणे नेसले, तेव्हा उन्हं कलली होती. बापू आता पुन्हा बापू झाले होते. घोंगडीवर बसून त्यांनी खाकरून सांगितलं, "पोरगी पसंत हाय. बोलती, पन बोलू दे. मानसं चांगली हायत. पन आमची भावकी मोठी. उद्या वऱ्हाड हितं आलं आनि त्येंनी ह्ये बघितलं तर मला त्वांड दाखवाया जागा ऱ्हायची न्हाई. तवा येकच म्हननं. लग्नाआदी ह्ये गवत कापायचं."

आई दाराआडून हात जोडून आबांकडं बघत होती. आबांनी खाली मान घातली. मग फेट्याच्या शेवानं त्यांनी डोळे पुसले. मी ओरडणारच होते की मला नको हे लग्न, पण तेवढ्यात ते जड आवाजात म्हणाले, "लेकीसाटी कापतो. पन बापू, येवडं जीव तोडून देतूया, तर माजंबी येक आयका. पोरगीला फायनलला बसू द्या. लगीन फाल्गुनात करू, पन ती ऱ्हाईल हितंच. परीक्षा दील, पावसाळा काडंल, आनि दसऱ्यानंतर नांदाया नेवा."

लग्न झालेली सून माहेरी ठेवून शिकवायची, हे त्या काळात मागणंच भलतं होतं. एरवी बापू उठूनच गेले असते. पण नुकतंच एका माणसाचं वेड आपल्या शब्दानं उतरवलं होतं, तेव्हा त्यांचं मन मोठं झालं होतं. त्यांनी दाजींकडं पाहिलं. दाजी कंटाळले होते, त्यांना घरी जायचं होतं. बापू म्हणाले, "बसू द्या."

गाडी दिसेनाशी झाली तशी आई आबांपुढं येऊन उभी राहिली. एवढा जिवाचा तुकडा माणसानं लेकीसाठी दिला! आबा म्हणाले, "इळा कुटं हाय? धार लावून ठिवा."

"आजच?" आई म्हणाली. "ऱ्हाऊ द्या की दोन दीस. बघा डोळं भरून."

"पंधरा दिसांनी," आबा म्हणाले. "बी पडू दे. दर साली कापावंच लागतंय त्ये, न्हाईतर खालून फुटवा येत न्हाई." आणि ते चूळ भरायला गेले. आई तिथंच उभी होती. तिच्या तोंडावर एकामागून एक काय काय येऊन गेलं, ते मला अजून आठवतं.

लग्न झालं. वऱ्हाडानं आमचं स्वच्छ, बोडकं अंगण पाहिलं, भावकीनं बापूंची वाहवा केली. मी फायनल दिली आणि पास झाले. पुढं सांगलीकडच्या शाळेत जी तीस-पस्तीस वर्षं पोरांवर ओरडले ती या परीक्षेच्या जोरावर. पण ते पुढचं. पाऊस पडला, दसरा झाला आणि बापू मला न्यायला आले. तोवर अंगणात गवत पहिल्यापेक्षा दाट झालं होतं. पवना कमरेला लागत होता, कासाला तुरे आले होते. आई देवघरात जाऊन बसली. नाना मागच्या दारानं मळ्याकडं गेले. ओसरीवर मी आणि आबा.

बापू पायवाटेच्या तोंडाशी थांबले. "ह्ये काय?"

"गवत," आबा म्हणाले.

"कापाया सांगितलं हुतं."

"कापलं हुतं."

बापूंनी पवन्याच्या शेंड्यांवरून हात फिरवला. "व्हय," ते म्हणाले. "कापलं हुतं खरं." आणि ओसरीवर येऊन पाणी मागितलं. तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. ज्या माणसाच्या दावणीला जन्मभर चार जनावरं होती, त्याला कापलेलं गवत परत येतं हे काय माहीत नव्हतं? त्या दिवशी ओसरीवर आबांनी डोळे पुसले ते खोटं आणि बापूंनी मन मोठं केलं तेही खोटं, आणि दोघांनाही एकमेकांचं कळलेलं होतं.

निघायच्या वेळी बापूंनी आबांना बाजूला घेतलं. बहिऱ्या माणसाशी कुजबुजता येत नाही, त्यामुळं मला सगळं ऐकू आलं. त्यांना रोशाचा एक गड्डा हवा होता. पण पोत्यात बांधून. वाटेत कुणाला दिसायला नको. आबांनी तीन गड्डे दिले, ओल्या फडक्यात बांधून. गाडीत माझ्या पायाशी ते पोतं ठेवताना बापू मला म्हणाले, "कुनी इचारलं तर हळदीचं बेनं हाय म्हन."

सासरच्या दारात भाकरतुकडा ओवाळून टाकला, पायांवर पाणी घातलं, आणि सासूबाईंनी माझ्या डोळ्यांना पाणी लावता लावता विचारलं, "पोत्यात काय हाय ग?" सासरी तोंडातून निघालेला माझा पहिला शब्द खोटा निघाला. मी म्हटलं, "हळदीचं बेणं."

सासूबाईंनी हळदीच्या वाफ्यांत आयुष्य काढलं होतं. त्यांनी पोत्याकडं पाहिलं, मग वाकून हुंगलं. मग नवऱ्याकडं पाहिलं. बापू बैलाचा खूर उचलून त्यात काहीतरी शोधत होते. शेवटी सासूबाईंनी पोतं उचलून माझ्या हातात दिलं आणि हळू आवाजात म्हणाल्या, "परसात न्हानीच्या पान्यावर लाव जा. म्होरं दिसाया नगं. माजी धाकली लेक अजून लग्नाची हाय."